डाव्या पायाचा ब्रेक

प्लास्टर कापलं तेव्हा डावा पाय लाकडासारखा सरळ निघाला. डॉक्टरांनी टाच हातात धरून तो वाकवून पाहिला. चार बोटं वाकला आणि अडला. पुन्हा दाबला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

"चालता येईल," डॉक्टर म्हणाले. "मांडी घालता येणार नाही. आणि फटफटी विसरा."

डॉक्टरांचा मला राग आला नाही. गुडघ्याची वाटीच फुटली होती, त्याला ते तरी काय करणार? राग होता तो माझ्या साहेबाचा. त्याहून जास्त माझा स्वतःचा, कारण एका कागदावर मी सही करून बसलो होतो.

ही गोष्ट महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मी सरकारी खात्यात फवारणीच्या कामावर निरीक्षक होतो. खातं कोणतं ते लिहीत नाही. माझा हलका, म्हणजे फिरतीचा टापू, मेळघाटात, सेमाडोहापासून धारणीपर्यंत. गावोगावी जाऊन डासांच्या औषधाची फवारणी झाली की नाही ते पाहायचं, रजिस्टरवर पाटलाचा अंगठा किंवा सही घ्यायची. बस आठवड्यातून कधी यायची, कधी यायची नाही. म्हणून मी एक जुनी फटफटी घेतली होती, लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेली, साडेतीनशे सीसीची. इंग्रजी घडण, त्यामुळे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला.

माझ्या घरात चाकाची वस्तू ही पहिलीच. माझा बाप गावकीचं काम करायचा. तहसिलीचा कागद आला की तो कनवटीला लावून अनवाणी कोसन्‌कोस चालायचा. अंमलदार घोड्यावर आला की त्याच्या पुढं पळायचा. छप्पन साली आम्ही धम्म घेतला आणि बापानं ते काम टाकून दिलं. मी मॅट्रिक होऊन नोकरीत लागलो होतो. फटफटी घेऊन गावात गेलो. बाप तिच्याभोवती दोनदा फिरला आणि सीटवर हात ठेवून उभा राहिला.

ऑगस्ट महिना होता. साहेब अमरावतीच्या कचेरीत बसायचे, पुण्याकडचे होते. वरून तपासणी येणार होती आणि त्यांना धारणीकडची रजिस्टरं दुसऱ्या दिवशी टेबलावर पाहिजे होती.

मी म्हणालो, "साहेब, वर नाले भरले आहेत. दोन दिवस थांबलो तर सगळी घेऊन येतो."

"तुम्हा लोकांना काम सांगितलं की लगेच पाऊस दिसतो," साहेब म्हणाले.

मी निघालो. तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं. रजिस्टरं घेऊन परत येताना सेमाडोहाच्या आधी एका उतारावर चिखलात मागचं चाक घसरलं, फटफटी आडवी झाली आणि डावा गुडघा तिच्याखाली आला. पाऊस पडत होता, मी पडून होतो, आणि इंजिन बंद झाल्यावर जंगलात दुसरा आवाज नव्हता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग एक कोरकू माणूस बैलगाडी घेऊन आला. त्यानं बांबू घालून फटफटी उचलली, मला गाडीत निजवलं आणि धारणीच्या दवाखान्यात पोचवलं. रजिस्टरांची पेटीही त्यानं आठवणीनं आणली. दुसऱ्या दिवशी जीपमधून मला अमरावतीला हलवलं.

आठव्या दिवशी साहेब माझ्या खाटेशी आले. मला वाटलं, भेटायला आले. त्यांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. त्यात लिहिलं होतं की अपघात माझ्या निष्काळजीपणानं, वेगात गाडी हाकल्यानं झाला, आणि यापुढे मी वाहन चालवण्यास अपात्र आहे हे मला मान्य आहे.

"साहेब, मी वेगात नव्हतो."

"सही करा. नाहीतर चौकशी लागेल, पगार अडकेल." मग कागद माझ्या छातीवर ठेवून ते हसले. "अहो, पायी फिरणाऱ्यांना एकदम चाकं मिळाली की असंच व्हायचं."

मला ताप होता. पाय पोटापर्यंत ठणकत होता. बायको पाणी आणायला बाहेर गेली होती. ती असती तर मी सही केली नसती, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. खरं हे की मी घाबरलो होतो. सही केली. साहेबांनी पेनचं टोपण लावलं, कागद घडी केला आणि गेले. बायको आली तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो.

मला अकोल्याच्या गोदामात टाकलं. फवारणीच्या पावडरीचे डबे मोजायचे आणि आवक-जावक लिहायची. जठारपेठेत आम्ही दोन खोल्या घेतल्या. मागं टिनाचं छप्पर होतं, तिथं फटफटी ठेवली. दुरुस्त होऊन आली होती, पण मला काय उपयोग? तिच्यावर बसलो की उजवा पाय जागेवर जायचा. डावा पाय समोर बंदुकीसारखा ताठ. ब्रेक होता मागं, वाकलेल्या गुडघ्याच्या माणसासाठी.

त्या दिवसांत मी घरात माणसासारखा वागलो नाही. बायको जिनिंगात रोजानं जायची, दिवसभर कापसात उभी राहून यायची, आणि मी तिच्यावर भाजीच्या मिठावरून तोंड टाकायचो. एक दिवस मी खाटेवर बसलो होतो, पाय पेटीवर लांब केलेला. ती भाकरी थापता थापता म्हणाली,

"पाय मांगं येत नाही, तं ब्रेक पुढं आना."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले नाही समजत. तुमाले समजते ना? मंग बसून काहून राहिले?"

दुसऱ्या दिवशी फटफटी भिंतीला लावून उभी केली आणि वर बसलो. डावा पाय जिथं आपोआप पडत होता तिथं बायकोनं भिंतीवर खडूनं रेघ मारली. जुन्या पायदानापासून मोजलं तर एक वीत आणि चार बोटं पुढं. तेवढंच अंतर. तेवढ्यासाठी माझी नोकरी गोदामात गेली होती.

स्टेशनच्या रस्त्याला एक ओळखीचा मिस्त्री होता. चांगला माणूस, मुसलमान, माझी फटफटी नेहमी तोच पाहायचा. त्याला मी सांगितलं की इंजिनाच्या पुढं फ्रेमचा जो उभा पाइप येतो, त्याला पायदान आणि ब्रेक बसवून दे.

त्यानं मान हलवली. "भाऊ, इंजिन सांगा, आत्ता खोलतो. ब्रेकची जागा मी बदलत नाही. उद्या तुमी कोनाच्या अंगावर गेले तं तो खून माह्यावर येईन."

"म्हणजे तूही मला लंगडाच समजतो."

"लंगडे तं तुमी हायेच," तो म्हणाला. "मी खोटं बोलू काय?"

मी त्याला नको ते बोललो आणि निघून आलो. त्याची काही चूक नव्हती. पण त्या वेळी मला राग काढायला कोणी ना कोणी पाहिजे होता.

मग मी स्वतःच सुरू केलं. भंगार बाजारातून लोखंडी पट्टी आणली, दोन बोटं रुंद. करवतीनं कापली, वाकवली, पाइपाला धरेल अशी दोन भागांची चिमट बनवली. तिच्यावर पायदान, पायदानाशेजारी खिळीवर फिरणारा उभा ब्रेकचा दांडा. दांड्यापासून मागच्या चाकापर्यंत लांब सळई. रविवारी आणि सुटल्यावर असं करत तीन आठवडे गेले. हाताला कानसेनं घट्टे पडले. आणि सगळं बसवून फटफटी स्टँडवर चढवली. बायकोनं मागचं चाक हातानं फिरवलं.

"दाबा," ती म्हणाली.

मी दाबला.

"दाबा ना!"

"दाबला!"

"चाक तं फिरूनच राहिलं. उलट आणखी मोकळं झालं."

मी उतरून पाहिलं. सळई मी खिळीच्या खालच्या बाजूला जोडली होती. दांडा पायानं पुढं ढकलला की त्याचं खालचं टोक मागं जात होतं. म्हणजे ब्रेक ओढला जायच्या ऐवजी ढिला पडत होता. तीन आठवडे मी ब्रेक सोडायचं यंत्र बनवत होतो. मी हातातला पाना फेकला. तो रांजणावर बसला. रांजण फुटला, पाणी छपराखाली सगळीकडं झालं.

बायको चाकाजवळून उठली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "साहेबाले पाना मारता येत नाही म्हनून रांजन फोडला काय?"

दोन दिवस ती पाणी भरताना शेजारणीची घागर मागून आणायची आणि ती माझ्या समोर आपटून ठेवायची. तिसऱ्या दिवशी मी नवीन रांजण आणला आणि सळई खिळीच्या वर जोडली. ब्रेकनं चाक धरलं. तिनं चाक दोन-तीनदा फिरवून खात्री करून घेतली.

पहिल्यांदा रस्त्यावर नेली तेव्हा कापसाचा हंगाम होता. जिनिंगाच्या फाटकापासून गाड्यांची रांग लागलेली. मी हळूच चाललो होतो. पुढच्या गाडीचा बैल आडवा झाला. मी ब्रेकवर पाय रोवला आणि पट्टी वाकली. पायदानासकट सगळं खाली गेलं, टाच डांबरावर घासली. हाताचा पुढचा ब्रेक होता म्हणून थांबलो, तोही गाडीच्या जुवापासून हातभर अंतरावर. गाडीवान खाली उतरला आणि त्यानं मला ज्या शिव्या दिल्या त्या मी निमूट ऐकल्या. एकही वावगी नव्हती.

पट्टी नरम होती. पाहिजे होतं ते ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातलं पोलादी पान. ते मिळालं भंगारात, पण माझं हाताचं ड्रिल त्याच्यावर नुसतं गुळगुळीत फिरायचं. एक टोकही आत जाईना. शहराबाहेर मैदानात घिसाड्यांची पालं पडली होती. विळे, कुऱ्हाडी, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा करून द्यायचे. तिथं गेलो. नवरा सांडशीनं लोखंड धरून बसलेला आणि घण बायको मारत होती. काष्टा घातलेली, हात दोरखंडासारखे. ती घण खाली ठेवून म्हणाली,

"हे कायचं, भाऊ?"

मी सांगितलं. पाय दाखवला.

"बैलाचा पाय गेला तं आमी बैल बदलतो. गाडी कोन बदलते?"

"माह्या साहेबानं तेच केलं," मी म्हणालो. "बैल बदलला."

ती हसली नाही. नवऱ्याकडं वळून त्यांच्या बोलीत काही बोलली आणि त्यानं पाटा भट्टीत घातला. लाल झाल्यावर त्यांनी तो मला पाहिजे तसा वाकवला. तिचा प्रत्येक घाव मी दाखवलेल्या जागी पडत होता. मग पाटा राखेत पुरून ठेवला. "उद्यापर्यंत हात लावू नोको," ती म्हणाली. "सावकास थंडा झाला का नरम पडते. भोकं पाडून मंग परत आन, तेलात बुडवून देतो. मंग तुह्या साहेबाच्या बापालेही वाकनार नाही."

भोकं पाडायला मोठं ड्रिल लागणार होतं. ते फक्त त्या मिस्त्रीकडं होतं. मी तोंड पाडून गेलो. त्यानं पाटा शिकंजात धरला आणि म्हणाला, "भोकं मी पाडतो. बसवा तुमी." मग जाताना चारही बोल्ट त्यानंच बदलून दिले, वर म्हणाला की तुमचे बोल्ट खेळण्यातले आहेत.

घिसाडणीकडून पाटा तेलात बुडवून आणला आणि बसवला. आता तो वाकत नव्हता. पण मी वाकडा बसत होतो. एक पाय पुढं, एक मागं. पाच मैल गेलो की कंबर धरायची. मग उजव्या बाजूलाही तसंच पायदान पुढं घेतलं आणि गिअरचा दांडा सळईनं लांबवला. या वेळी सळई कुठं जोडायची ते आधी कागदावर काढून पाहिलं. दोन्ही पाय समोर पसरून मी बसलो तेव्हा गल्लीतली पोरं म्हणाली, हे आरामखुर्चीत बसून चाललेत. बोलू दिलं.

महिनाभर रोज चालवली. मग एका सकाळी बायकोला मागं बसवलं आणि अमरावतीला निघालो. साठ मैल. मूर्तिजापूरला चहा घेतला, बडनेऱ्याला चाकाची हवा पाहिली. कचेरीत पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. साहेबांनी दोन वाजेपर्यंत बाहेर ठेवलं. बायको लिंबाखाली फटफटीजवळ बसून राहिली. मग ते व्हरांड्यात आले, वरूनच गाडीकडं पाहिलं.

"हे काय करून ठेवलंत? ही गाडी नियमात बसत नाही."

"कोणता नियम, साहेब? तेवढा दाखवा."

"शिवाय तुमच्याच सहीचा कागद आहे माझ्याकडे. अपात्र."

"तो कागद तुम्ही लिहिलेला आहे. मी अकोल्याहून चालवत आलो. तुम्ही आवारात एक चक्कर पाहा, मग काय लिहायचं ते लिहा."

"बायकोला घेऊन सर्कस दाखवायला आलात?" साहेब म्हणाले. व्हरांड्यातले दोन कारकून हसले.

बायको लिंबाखालून उठली. पदर खोचला आणि तिथूनच म्हणाली, "साठ मैलाची सर्कस कोनी पाह्यली काय, साहेब? तुमी एक डाव मांगं बसून तं पाहा!"

कारकून पुन्हा हसले, पण आता दुसऱ्या बाजूनं. साहेब आत गेले. माझा अर्ज त्यांनी घेतलाच नाही. परत येताना इतक्या रागात गाडी हाकणं बरोबर नाही हे कळत असूनही मी बडनेऱ्यापर्यंत थांबलो नाही. शेवटी तिनं माझ्या पाठीवर बुक्की मारली. "मले घरी जिती न्या," म्हणाली. मग थांबलो.

पुढचं माझ्या हातून झालं नाही. माझ्या जागी जो निरीक्षक पाठवला होता, त्यानं धारणीत एक पावसाळा कसाबसा काढला. मग त्याला ताप आला, मग आई आजारी पडली, मग कुठून तरी चिठ्ठी आणून त्यानं बदली करून घेतली. दुसरा कोणी जाईना. तेव्हा साहेबांना मी आठवलो. तीन महिन्यांसाठी, तात्पुरता, असा हुकूम आला. वाहन स्वतःच्या जबाबदारीवर, असं खाली लिहिलेलं. ते तीन महिने सात वर्षं चालले.

दुसऱ्या वर्षी मुंबईहून एक मोठे अधिकारी पाहणीला आले. सेमाडोहाच्या विश्रामगृहासमोर माझी फटफटी उभी होती. ते जीपमधून उतरले, तिच्याजवळ गेले, खाली वाकून पायदानं पाहू लागले. इंजिनीअर असावेत. त्यांनी सळई हातानं हलवली, पाटा बोटानं वाजवला.

"हे कुणी केलं?"

मी तोंड उघडायच्या आधी साहेब बोलले. "आमचेच निरीक्षक, सर. पायाला अपघात झाला होता. मीच त्यांना सुचवलं, खचून जाऊ नका, काहीतरी मार्ग काढा. खात्यानं पूर्ण प्रोत्साहन दिलं."

असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी तो हात काढला. धरून बाजूला केला.

"नाही साहेब," मी मोठ्या अधिकाऱ्यांना म्हणालो. "यांनी मी तापात असताना माझ्याकडून लिहून घेतलं की मी गाडी चालवायला अपात्र आहे. मला गोदामात बसवलं. गाडी दाखवायला आलो तर अर्ज घेतला नाही. ब्रेक पुढं आणायचं माझ्या बायकोनं सांगितलं. हा पाटा एका घिसाडणीनं ठोकला, भोकं अकोल्याच्या मिस्त्रीनं पाडली. यांनी काही केलं नाही."

जीपचा ड्रायव्हर उगाच बॉनेट उघडून आत पाहू लागला. मुंबईच्या अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडं एकदा, साहेबांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "चला, रजिस्टरं पाहू." त्यांनी रजिस्टरं पाहिली, सह्या केल्या, आणि दुपारी निघून गेले. मला वाटलं होतं की ते काही तरी करतील. त्यांनी काही केलं नाही. त्यांचाही मला राग आहे.

त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात साहेबांनी लिहिलं: कामात नियमित, पण उद्धट, वरिष्ठांशी बोलण्याची रीत नाही. हे मला एका कारकुनानं पुढं सांगितलं. माझ्यामागून लागलेले दोघं माझ्या पुढं गेले. मी धारणीतच राहिलो. घरी सांगितलं तेव्हा बायको तवा घासत होती. ती म्हणाली, "बोलले ते बरं केलं. बोलाले उशीर केला, तेवढंच वाईट."

बरेच दिवसांनी, साहेब निवृत्त झाल्यावर, ते मला बडनेरा स्टेशनात भेटले. ट्रंक आणि वळकटी घेऊन फलाटावर एकटेच उभे होते. मला पाहून चेहरा उजळला, जुना दोस्त भेटल्यासारखा.

"अहो, तुम्ही! अजून चालवता का हो ती फटफटी?"

"चालवतो."

गाडी लागली. हमाल कुठं दिसत नव्हता. त्यांनी ट्रंकेच्या एका कडीला हात घातला आणि दुसरी कडी माझ्याकडं करून थांबले. मी त्यांच्याकडं पाहिलं, आणि माझ्या डब्याकडं चालू लागलो. डब्याची पायरी चढायला मला वेळ लागतो. डावा पाय नंतर, हातानं उचलून घ्यावा लागतो. मी तो घेतला, आत गेलो आणि खिडकीपाशी बसलो. वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.